मोजणी यंत्राला भेटायला: वर्तकनगर ते काळा तलाव, व्हाया शीळफाटा

लोक निवृत्तीनंतर लडाखला जातात, अंदमानला जातात. मी नुकतीच डोंबिवलीला जाऊन आले. हसू नका. एका दिवसात, घरचा डबा न घेता आणि गुडघ्यांना फारसं न दुखवता करता येईल अशी ही सहल आहे. त्यात इतिहासही आहे, तोही असा की तो शोधायला कुठल्या किल्ल्यावर चढावं लागत नाही.

झालं असं, की गणपती आटोपून घरातला पसारा आवरत होते, तेवढ्यात दीपकचा फोन आला. दीपक म्हणजे आमच्या अण्णांचा मुलगा, आणि अण्णा म्हणजे माझे पहिले आणि शेवटचे मालक. लग्नाआधी आणि लग्नानंतरही बरीच वर्षं मी त्यांच्या छोट्या कारखान्यात वायरी गुंडाळायचं काम केलं. दीपक म्हणाला, "मावशी, डोंबिवलीची शेड विकली. सोमवारी भंगारवाला येतोय. बाबांचं ते पहिलं मशीन आहे ना भिंतीवरचं, त्याचं काय करू?"

ते पहिलं मशीन म्हणजे मोजणी यंत्र. ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलवर तांब्याच्या तारेचे किती वेढे बसले ते मोजायचं आणि ठरलेला आकडा आला की मोटर बंद करायची, एवढंच त्याचं काम. त्याआधी वेढे आम्ही बायका मोजायचो. एखादीला शिंक आली किंवा कुणी जावेची गोष्ट काढली, की कॉइल वाया. म्हणून अण्णांनी मायक्रोप्रोसेसर वापरून हा पहिला नमुना बनवला. तेव्हा आमच्या भागात तो शब्द उच्चारतानाही जीभ अडखळायची.

"कल्याणच्या एका कॉलेजातल्या मॅडम काचेच्या कपाटात ठेवायला तयार आहेत," दीपक म्हणाला, "पण बाबांनी अट घातलीय. मशीन चालत असेल तरच द्यायचं. म्हणाले, मेलेल्या यंत्राला हार घालून उभं करायचं नाही, त्यापेक्षा भंगारात जाऊ दे. आणि ते मेलंय, हे त्यांनी ठरवूनच टाकलंय. मी तर त्याला हात पण नाही लावलेला, मला त्यातलं काही कळत नाही."

मी लगेच सुलभाला, माझ्या कारखान्यातल्या जोडीदारणीला, फोन लावला. त्या यंत्राच्या मागच्या पिवळ्या वायरी मी जोडलेल्या आणि निळ्या तिने.

"शनिवारी मोकळी आहेस का?"

"मी आता कायमचीच मोकळी आहे," ती म्हणाली. "गाडी मी चालवणार."

हे ऐकून आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "तिच्या गाडीतून? विम्याचे कागद वरच्या कप्प्यात आहेत, एवढं सांगून जा."

सकाळी रिक्षाने खोपटला गेले. सुलभाचं घर एसटी डेपोच्या मागे आहे. तिने सांगितलं होतं की नाश्ता घरी नाही, बाहेर, कारण सहल म्हणजे सहल. डेपोसमोर उभ्याने पोहे आणि कटिंग चहा घेतला. पोह्यांवर ओलं खोबरं आणि वर शेव होती. तुम्ही गेलात तर सकाळी लवकर जा, नंतर पोहे कोरडे पडतात आणि चहात साखर वाढत जाते.

तिथून थोडी उलटी वाट करून आम्ही वागळे इस्टेटला गेलो. डोंबिवलीला जाण्याआधी अण्णांचा कारखाना इथे होता, एका गाळ्यात. गाळा सापडला, पण आता तिथे व्यायामशाळा आहे. जिथे आमचं टेबल होतं तिथे एक गृहस्थ पट्ट्यावर पळत होते आणि कुठेच पोचत नव्हते. सुलभा काचेला नाक लावून बघत राहिली. दारावरच्या मुलीने विचारलं, "आंटी, मेंबरशिप पाहिजे का?" सुलभा म्हणाली, "बाळ, इथली मेंबरशिप आम्ही पूर्ण करून गेलोय."

आता जरा इतिहास. गाडीत सुलभाला सांगितला तोच तुम्हाला सांगते. मी काही इंजिनिअर नाही. वायरी गुंडाळता गुंडाळता त्या कुठून कुठे जातात ते विचारायची खोड लागली, मग वाचायची लागली, आणि ती अजून सुटलेली नाही.

पहिला मायक्रोप्रोसेसर कुणी संगणक बनवायचा म्हणून बनवलेलाच नाही. एका परदेशी कंपनीला टेबलावरची हिशेबाची यंत्रं बनवायची होती, आणि त्यासाठी तिला वेगवेगळ्या कामांच्या बऱ्याच चिपा हव्या होत्या. चिपा बनवणाऱ्यांना वाटलं, प्रत्येक कामाला वेगळी चिप कशाला? जे सांगू ते काम करेल अशी एकच मुख्य चिप करू, बाकीच्या तिच्या मदतीला. म्हणजे भाजीला एक बाई, भांड्याला एक, धुण्याला एक असं न करता घरातल्या सुनेला सगळं सांगायचं, तसं.

"म्हणजे पहिला मायक्रोप्रोसेसर आपणच," सुलभा म्हणाली आणि तेवढ्यात एका टेम्पोला घासून गेली.

त्या काळात चिपचं चित्र हाताने काढत. टेबलाएवढ्या लाल फिल्मवर धारदार पात्याने रेघा कापायच्या, नको असलेला लाल पापुद्रा सोलायचा आणि मग तो सगळा पसारा कॅमेऱ्याने लहान करत करत नखाएवढा करायचा. असे एकावर एक थर. मला सगळ्यात आवडते ती पहिल्या घाण्याची गोष्ट. नमुन्याच्या पहिल्या सिलिकॉनच्या चकत्या, एकेकीवर कितीतरी चिपा, तयार होऊन आल्या, इंजिनिअरने तपासल्या, तर एकही चिप जिवंत नाही. बघतो तर बनवताना मधला एक थर द्यायचाच राहून गेलेला. चूक चित्रात नव्हती, कृतीत होती. पुढच्या खेपेला थर दिला आणि चिप चालली. त्याने चिपच्या कडेला आपली आद्याक्षरंही कोरून ठेवली आहेत म्हणतात.

"मोहन न घालता चकल्या केल्या," सुलभा म्हणाली. तिने हा इतिहास अवघ्या एका ओळीत संपवला.

कळवा पूल ओलांडून मुंब्र्याच्या बायपासला लागलो. डावीउजवीकडे डोंगर अजून हिरवागार होता आणि पावसाने उघडीप दिली होती. पण हिरवळीकडे बघायची सोय नव्हती, कारण सुलभा बघत होती आणि मग कुणीतरी रस्त्याकडे बघायला हवं होतं. शीळफाट्याला नेहमीप्रमाणे गर्दी. तिथून डोंबिवलीकडे वळलं की मेट्रोचे खांब, पत्रे आणि खड्डे. लवकर निघा, पाणी जवळ ठेवा आणि शेजारच्या गाडीवाल्याशी भांडू नका, पुढचा बराच वेळ तोच तुमचा शेजारी असतो.

एमआयडीसीत दीपक शेडच्या दारात उभा होता. आता तोही पन्नाशी पार केलेला, पोट सुटलेला. त्याने वाकून नमस्कार केला. सुलभा म्हणाली, "अरे, तुला आम्ही खोक्यात झोपवायचो. ट्रान्सफॉर्मरच्या."

"म्हणूनच मी असा चौकोनी," दीपक म्हणाला.

शेड जवळजवळ रिकामी झाली होती. एका भिंतीवर, ट्यूबलाइटच्या बरोब्बर खाली, ते टांगलेलं होतं. झाकण नाही. अण्णांनी त्याला कधी झाकणच केलं नाही, कारण रोज काहीतरी बदलायचं असायचं. पुढे तयार यंत्रं विकत मिळायला लागली आणि हे भिंतीवर गेलं. खाली उतरवलं आणि उलटं केलं, तर मागे आमच्या निळ्या-पिवळ्या वायरींचं जंजाळ, रात्रभर वेणी न घालता झोपल्यासारखं.

"ही बघ, ही वायर तू चुकीची लावलेली आणि मी काढलेली," सुलभा.

"ती पिवळी आहे. म्हणजे लावली मी आणि बरोबर लावली."

"मावशी," दीपक म्हणाला, "भांडण गाडीत करायचं राहिलं का?"

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. यंत्राचा प्रोग्रॅम ज्या चिपमध्ये असतो तिच्या पाठीवर एक छोटी काचेची खिडकी असते. त्या खिडकीतून कडक प्रकाश आत गेला की प्रोग्रॅम पुसला जातो. मुद्दामच तशी केलेली, म्हणजे चुकलं तर पुसून पुन्हा भरता यावं. पुसायचा खास दिवा असतो, पण अण्णांकडे सुरुवातीला तो नव्हता. चिपसुद्धा त्यांच्या साडूंनी जहाजावरून येताना साबणाच्या डबीत आणलेली. मग प्रोग्रॅम चुकला की ती चिप गच्चीवर उन्हात. शेजारी वहिनींचे, म्हणजे अण्णांच्या बायकोचे, उडदाचे पापड. पापड वाळून डब्यात जायचे तरी चिप आपली ऊन खात पडलेली, आणि वहिनी काठी घेऊन दोघांची राखण करत बसलेल्या. एकदा कावळ्याने पापड सोडून चिपच उचलली होती, पण ते जाऊ दे.

प्रोग्रॅम बरोबर झाला की ती खिडकी झाकून टाकायची. लोक कागद चिकटवत. आम्ही वहिनींच्या पाकिटातली मोठी काळपट टिकली लावायचो. मापात बसायची, घट्ट चिकटायची.

आणि यावरूनच दर दसऱ्याला घरात महाभारत. खंडेनवमीला वहिनी सगळ्या यंत्रांची पूजा करायच्या. मोटरला, खरवडणीला, कात्रीला, आणि ह्या यंत्राला. तेलात कालवलेलं कुंकू बोटावर घेऊन त्या बरोबर त्या चिपवर लावायच्या, कारण त्यांच्या मते ती खिडकी म्हणजे यंत्राचं कपाळ. आणि त्याआधी जुनी टिकली काढून टाकायच्या. पूजेला शिळी टिकली कशी चालेल? अण्णा ओरडायचे, "अगं, उजेड जाईल आत, सगळं पुसलं जाईल!" वहिनी म्हणायच्या, "पूजेने कुणाचं काही पुसलं जात नाही." दुसऱ्या दिवशी अण्णा मुकाट्याने कुंकू पुसून नवी टिकली लावायचे. यंत्र भिंतीवर गेल्यावर मात्र त्यांनी टिकली लावायचं सोडून दिलं. वहिनींनी पूजा नाही सोडली. त्या जाईपर्यंत दर दसऱ्याला येऊन कुंकू लावून जायच्या.

उघडी काच, डोक्यावर दिवसरात्र ट्यूबलाइट. अण्णा म्हणत होते ते खोटं नव्हतं. आणि त्या प्रोग्रॅमची दुसरी प्रत कुठेच नाही. कागदावरची होती ती शेडमध्ये एका पावसाळ्यात पाणी शिरलं तेव्हा लगदा झाली. म्हणजे यंत्र मेलं असेल तर मेलंच. सोमवारी भंगारवाला.

मी ब्रशने धूळ झाडायला घेतली. सुलभाने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि त्या चिपवरून फिरवणार, तेवढ्यात मी तिचा हात धरला.

"थांब."

"काय झालं? चिकटा बघ किती बसलाय."

चिकटाच होता. काच दिसतच नव्हती. वर्षानुवर्षं लावलेलं कुंकू, एकावर एक, तेलाने धरलेलं, त्यावर धूळ, त्यावर पुन्हा कुंकू. लाखेसारखं कडक झालेलं. नखाने टोकरलं तर टवकाही उडेना.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. दीपक म्हणाला, "काय? मला पण सांगा."

"तुझ्या आईने काच झाकून ठेवलीय," मी म्हटलं.

तो चष्मा काढून शर्टाला पुसायला लागला.

आशा लागली की माणूस घाई करतो. आम्ही तिथल्या तिथे पाच व्होल्टचा पुरवठा जोडला आणि बटण दाबलं. काही नाही. आकड्यांची खिडकी काळीठिक्कर. पुन्हा दाबलं. काही नाही. दीपकने निःश्वास सोडला, "राहू दे मावशी. चला, जेवून घेऊ."

जेवायला आम्ही जवळच्या पोळीभाजी केंद्रात गेलो. डोंबिवलीत येऊन हॉटेलात जेवू नका, पोळीभाजी केंद्र शोधा. मऊ पोळ्या, वालाचं बिरडं, काकडीची कोशिंबीर, आणि पोट भरूनही हातात दुपारच्या चहापुरते पैसे उरतात. पण खरं सांगते, माझं लक्ष ताटात नव्हतं. आता अण्णांना काय सांगणार? ते म्हणतील, मी म्हणालोच होतो. आणि ते तसं म्हणाले असते हेच मला सहन होत नव्हतं.

पोळी मोडता मोडता मला त्या पहिल्या घाण्याची गोष्ट आठवली. चिप मेली नव्हती, कृतीत काहीतरी राहिलं होतं.

"सुलभा, आपण चिपा दाबल्या का गं?"

तिचा हात ताटातच थांबला. "नाही गं बाई!"

हे आम्हा वायरी गुंडाळणाऱ्यांना झोपेतही माहीत असायला हवं. या जुन्या चिपा खाचेत नुसत्या बसवलेल्या असतात, सोल्डरचा डाग देऊन पक्क्या केलेल्या नसतात. ऊन-पाऊस, गरम-गार होता होता त्या दरवर्षी केसभर वर सरकतात. अधूनमधून अंगठ्याने खाली दाबाव्या लागतात. तेव्हा आम्ही दर सोमवारी सकाळी हेच करायचो. पण आता इतक्या वर्षांनी, कुंकवाच्या नादात, दोघी विसरलो.

परत शेडमध्ये. एकेक चिप काढून तिचे धातूचे पाय खोडरबराने घासले, परत बसवल्या, अंगठ्याने दाबल्या. प्रत्येकीचा करकर आवाज. कुंकवाची चिप मात्र काढली नाही, फक्त कडेने दाबली. बटण सुलभाने दाबलं.

आकड्यांच्या खिडकीत लाल आठ, आठ, आठ, आठ. मग शून्य, शून्य, शून्य, शून्य.

दीपक एवढ्या मोठ्याने ओरडला की बाहेरचा कुत्रा भुंकायला लागला. सुलभाने मला मिठी मारली, आणि मग लगेच म्हणाली, "निळ्या वायरींमुळे."

कल्याणला जाताना यंत्र माझ्या मांडीवर होतं, माझ्याच सीटच्या पट्ट्यात अडकवलेलं. दीपक मागे. पत्रीपुलावर गाडी अडकली तेव्हा शेजारच्या रिक्षातला माणूस वाकून बघून म्हणाला, "काय हो, बॉम्ब आहे का?" सुलभा म्हणाली, "जुना आहे, फुटत नाही." सहलीला निघताना हिला बरोबर घ्या असा माझा सल्ला आहे, पण गाडी तुम्ही चालवा.

अण्णांचं घर कल्याणातच, काळ्या तलावाजवळ, पहिल्या मजल्यावर. नव्वदीला टेकलेले, पाय थकलेले, आवाज मात्र तसाच.

"या मुलींनो," ते म्हणाले. आम्ही दोघी सत्तरीच्या. "कशाला उगाच वणवण केलीत? मी सांगितलं होतं ना, ते गेलंय."

आम्ही यंत्र त्यांच्या समोरच्या टेबलावर ठेवलं आणि चालू केलं. आठ, आठ, आठ, आठ. शून्य, शून्य, शून्य, शून्य.

अण्णा पुढे वाकले. चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नाही. कपाळाला आठ्या.

"शून्य दाखवणं म्हणजे चालणं नव्हे. मोजतं का ते सांगा."

हाच माणूस. आम्ही हसलोच. यंत्राला पुढे आकडा लावायची छोटी चाकं आहेत, त्यांवर मी दहा लावले. वेढे मोजणारी दांडी अण्णांच्या हाताशी सरकवली. त्यांनी ती धरली आणि हळूहळू फिरवायला लागले. एक. दोन. तीन. त्यांचे ओठ हलत होते, यंत्रावर त्यांचा अजूनही विश्वास नव्हता, म्हणून स्वतःही मोजत होते. आठ. नऊ. दहा, आणि आतला, मोटर बंद करणारा रिले 'टक्' वाजला.

त्यांनी दांडी सोडली. मग पुन्हा धरली. सात लावायला सांगितले. सातव्याला टक्. मग तेरा. तेराव्याला टक्.

"शक्य नाही," ते म्हणाले. "काच उघडी होती. भिंतीवर टांगलं तेव्हा मी स्वतः बघितलीय."

"नव्हती उघडी," दीपक म्हणाला आणि त्याने यंत्र त्यांच्याकडे वळवून बोट दाखवलं.

अण्णांनी भिंग मागवलं. बराच वेळ त्या लाल थराकडे बघत राहिले. समोर भिंतीवर वहिनींचा फोटो होता, तिकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. बोट पुढे केलं, चिपवर टेकवलं आणि ठेवलंच.

"जन्मभर हिच्याशी भांडलो," ते म्हणाले. "टिकली काढते म्हणून. ती काढत होती आणि तिच्यापेक्षा जाड लावत होती." मग जरा थांबून, नेहमीच्या आवाजात: "सांगायचं नाही का तिने? बाईने कधी मुद्दा नीट मांडला म्हणून नाही."

"मांडला होता," सुलभा म्हणाली. "पूजेने कुणाचं काही पुसलं जात नाही म्हणाल्या होत्या."

अण्णा हसले. डोळे पुसले, पण ते चष्म्याच्या काचा पुसतोय असं दाखवत. दीपककडे बघून म्हणाले, "कॉलेजला कळव. देतोय म्हणावं." मग आम्हाला भाजणीचं थालीपीठ करायला लावलं. भाजणी डब्यात होती, लोणी बाजारचं. निघताना त्यांनी अजून एकदा दहा लावून फिरवलं. टक्.

परतीला रात्र होऊ नये म्हणून लवकर निघालो तरी शीळफाट्याने आपला वाटा घेतलाच. सुलभाने मला वर्तकनगरला दारात सोडलं. ह्यांनी विचारलं, "काय, काय पाहिलंस डोंबिवलीला?" मी म्हटलं, "वहिनींना." त्यांना वाटलं मी दमलेय, त्यांनी मुकाट्याने आलं घालून चहा ठेवला.

खर्च विचाराल तर पेट्रोल सुलभाचं, जेवण दीपकचं, माझा फक्त खोपटपर्यंतचा रिक्षाचा आणि पोह्यांचा. अशी सहल तुमच्याही आसपास नक्की असेल. कुणाच्या तरी शेडमध्ये, माळ्यावर, भिंतीवर काहीतरी टांगलेलं असेल. भंगारवाल्याआधी पोचा. आणि चालेना तर आधी चिपा दाबून बघा.

चार दिवसांनी कॉलेजातल्या मॅडमचा फोन आला. फार गोड बोलतात. यंत्र पोचलं, कपाट तयार आहे, खाली माहितीची पाटी लावणार आहेत म्हणाल्या. मग जरा संकोचून, "एक विचारायचं होतं, त्या एका चिपवर लाल काहीतरी लागलंय. प्रदर्शनाआधी स्वच्छ करून घेऊ का?"

"नको हो मॅडम," मी म्हटलं. "तो यंत्राचाच भाग आहे. आणि दसऱ्याला कुणाला तरी पाठवते, एक बोट लावून जाईल."